शेजारचा ब्रेक

बाई गाडी चालवायला शिकवत. नवरा होता तेव्हा दोघं मिळून शिकवत, तो गेल्यावर एकट्या शिकवत, आणि लेक मोठी झाल्यावर पुन्हा दोघी मिळून. दुकानांच्या रांगेमागे एक अंगण, अंगणात दोन गाड्या, पत्र्याच्या छपराखाली टेबल आणि खुर्च्या, एवढाच सगळा बारदाना. पण या अंगणातून शिकून गेलेली माणसं आज ट्रक चालवतात, रुग्णवाहिका चालवतात, आणि एक तर विमान चालवतो. विमानाचं श्रेय बाई घेत नसत, पण सांगायच्या मात्र सगळ्यांना.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. शिकणाऱ्याने गाडी भिंतीत घालायचीच असं मनावर घेतलं, तर भिंत वाचवायला. या ब्रेकबद्दल बाईंचा कायदा कडक होता. पाय ब्रेकच्या जवळ ठेवायचा, ब्रेकवर ठेवायचा नाही. वर ठेवला की भीती वाटली रे वाटली, ब्रेक आपोआप दाबला जातो, आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. लेकीला सीटवर बसवण्याआधी बाईंनी तिला हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती झोपेतही म्हणून दाखवायची.

लेक तोंडाची फटकळ. फटकळ म्हणजे दुष्ट नव्हे. तिचं बोलणं ऐकून ज्याला बोललं तोही हसायचा. तिने गाडीत समोर कॅमेरा बसवला तो खरं तर विद्यार्थ्यांना त्यांची चूक दाखवायला. व्यायामशाळेत जाणारा एक दांडगा गडी गाडी मागे घेताना डोळे घट्ट मिटून घ्यायचा. लेक त्याला म्हणाली, "दादा, डोळे मिटून मागे जायचं असेल तर बालपणात जा, माझ्या गाडीत नको." तो स्वतःच पोट धरधरून हसला आणि मागे लागला, की हे टाकच ताई ऑनलाइन. तिने टाकलं. आणि काय सांगावं, चार दिवसांत जिकडे तिकडे तेच! लोकांनी तिला 'क्लचताई' करून टाकलं आणि डोक्यावर घेतलं.

मग काय विचारता. गाडी शिकायला लोक लांबून यायला लागले. औषधाच्या दुकानात, पोस्टात, कुठेही गेलं की पोरी तिच्याबरोबर फोटो काढायच्या. एका टायरवाल्यांनी जाहिरातीचं विचारलं. आणि बाई? बाईंनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण कुणी "तुम्ही क्लचताईच्या आई ना?" असं विचारलं की त्यांची मान अशी ताठ व्हायची, की मागून बघणाऱ्याला वाटावं मानेला पट्टाच लावलाय. प्रत्येक क्लिप त्या सगळ्या नातेवाइकांना पाठवायच्या. जिच्याशी बोलणं बंद होतं त्या जावेला तर आवर्जून.

अशात चष्मेवाले काका आले.

काकांचं चष्म्याचं छोटंसं दुकान होतं. वय साठीच्या पलीकडे. आयुष्यभर गाडी चालवली ती काकूंनी. काका शेजारी बसून डुलक्या काढायचे. पण काकूंच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला, नजर मधोमध विरत चालली, आणि किल्ली हातातून सुटली. दर महिन्याला दूरच्या इस्पितळात डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला जावं लागे. मूलबाळ नाही. काका शिकायला आले ते असे, घाबरत घाबरत, शर्टाची सगळी बटणं लावून. कशासाठी शिकतोय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माणूस तसा बोलका नव्हता.

एका सकाळी लेक त्यांना चढावर घेऊन गेली. चढावर गाडी उभी करायची आणि मागे न जाऊ देता पुढे काढायची, हे परीक्षेत असतंच. काकांची गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. मागे चार गाड्या खोळंबून हॉर्न मारायला लागल्या. काकांनी घामेजून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि गाडी पुन्हा बंद पडली. तेव्हा लेक कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "काका, अख्ख्या जगाला चष्मे दिलेत. स्वतःला कधी देताय?"

वाक्य भारीच जमलं होतं, नाही कशाला म्हणा! लोकांनी ते उचललं, त्यावर गाणी केली, पोरं शाळेत एकमेकांना म्हणायला लागली. बाईंनीही ती क्लिप जावेला पाठवली.

आठवड्याने काकांच्या भाचीने त्याच क्लिपखाली लिहिलं. मामींची नजर जातेय, मामा त्यांच्यासाठी गाडी शिकतोय, आणि तुम्ही त्याच्या डोळ्यांवर हसताय. एवढंच. शिवी नाही, काही नाही. पण संध्याकाळपर्यंत ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच पायाखाली घेतलं. हृदय नसलेली, माज चढलेली, म्हाताऱ्यांना छळून पैसे कमावणारी, आणि पुढचं तर इथे लिहिण्यासारखं नाही. लोकांचं काय हो, काल हसले तेही हेच आणि आज दात ओठ खातायत तेही हेच. आदल्या दिवशी 'वाक्य म्हणजे वाक्य' असं लिहिणाऱ्या एकाने त्या दिवशी लिहिलं, 'मला पहिल्यापासूनच ही आवडत नव्हती.' टायरवाल्यांनी फोन घेणं बंद केलं. विद्यार्थी गळायला लागले. कुणीतरी अंगणाच्या फाटकावर काळ्या रंगाने एक डोळा काढून ठेवला.

लेकीने क्लिप काढून टाकली. काढून काय उपयोग, ती लोकांनी उतरवून घेतलीच होती. ती दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आली ती हातात मोबाइल घेऊन.

"आई, माफीचा व्हिडिओ केलाय. टाकायच्या आधी बघ."

बाई टेबलापाशी बसून चष्मा लावून बघायला लागल्या. व्हिडिओत लेक रडत होती. मेकअप केलेला नाही असं दिसावं म्हणून बराच मेकअप केलेला होता. मी फार हळवी आहे, मला रात्र रात्र झोप नाही, माझा हेतू वाईट नव्हता, माझ्यावर काय गुदरतंय ते माझं मला माहीत. मागे कसलंसं सुस्कारे टाकणारं संगीत होतं.

"कसं वाटलं?" लेकीने विचारलं.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "मला तुझी फार दया आली. त्या माणसाचं काही यात आहे का?"

"आहे ना. शेवटी 'सॉरी काका' म्हटलंय."

"हं. बारशाला बोलावलं आणि पाळणा विसरले, तशातली गत."

लेक चिडली. चिडणारच. तिला वाटत होतं, निदान आई तरी पाठीवरून हात फिरवेल. "तुलाही माझंच चुकलं असं वाटतं ना? बोल ना! सगळं जग बोलतंय, तूच तेवढी मागे का?"

बाईंनी मोबाइल तिच्या हातात दिला. त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी सलत होतं, आणि ते आज नव्हे, त्या क्लिपसाठी शिव्या पडायला लागल्या त्या रात्रीपासून. पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या हसल्या होत्या, आणि हसताना माणूस नीट बघत नाही. शिव्या पडायला लागल्यावर त्यांनी ती पुन्हा पाहिली, मग पुन्हा, आणि मग आवाज बंद करून नुसती गाडीच बघितली.

"चल," त्या उठल्या. "गाडी धुवायचीय."

"आत्ता?"

"आत्ता. फडकं घे."

घरात भांडलं की शब्द भिंतींना आपटून परत येतात, असं बाईंचं मत होतं. गाडी धुताना माणसं एकमेकांकडे न बघता बोलू शकतात. दोघींनी बादल्या भरल्या. बाईंनी पुढची काच घेतली, लेकीने दारं.

"एक सांग मला," बाई काच पुसत म्हणाल्या. "त्या क्लिपमध्ये हँडब्रेक दिसतो. काकांनी तो सोडलेला आहे. बरोबर?"

"असेल."

"असेल नाही, आहे. काकांचा एक पाय क्लचवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर. इंजिनचा आवाज चढतोय. आणि गाडीचं नाक किंचित वर उचललं जातंय, मागच्या काचेतला खांब हलतो त्यावरून कळतं. म्हणजे क्लच अगदी जिथे धरायला हवा तिथे धरलाय त्यांनी. इंजिन ओढतंय. चढावर हँडब्रेक सुटलेला, आणि गाडी ना पुढे जातेय ना मागे." बाईंनी फडकं पिळलं. "मग तिला धरून कोणी ठेवलं होतं?"

लेकीचा हात दारावर थांबला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं, तरी तिचं तोंड असं उतरलं की विचारू नका.

"तुझा पाय ब्रेकवर होता," बाई म्हणाल्या.

"आई..."

"होता की नव्हता?"

"होता." मग एकदम बांध फुटल्यासारखी ती बोलायला लागली. "मी कॅमेऱ्याकडे बघत होते गं. सारखीच बघायला लागले होते हल्ली. रस्ता सोडून. समोर काही चाललंय त्यापेक्षा आपण यावर काय बोलू शकतो तेच डोक्यात असायचं. मागून हॉर्न वाजले, मी दचकले, पाय गेला ब्रेकवर आणि तिथेच राहिला. मला कळलंसुद्धा नाही."

"कधी कळलं?"

लेक तेच दार पुन्हा पुसायला लागली.

"कधी कळलं, बये?"

"घरी येऊन क्लिप कापायला बसले तेव्हा."

बाईंनी फडकं बादलीत टाकलं. आतापर्यंत त्यांना वाटत होतं, पोरीच्या लक्षात आलं नसेल. चुकून झालं असेल. चूक कुणाकडून होत नाही? पण कळल्यावरही!

"कळलं होतं आणि टाकलंस?"

"वाक्य चांगलं होतं," लेक म्हणाली. आणि स्वतःचंच ते बोलणं कानावर पडल्यावर ती अंगणातल्या ओल्या फरशीवर फतकल मारून बसली आणि रडायला लागली. या रडण्याला नाकातून पाणी येत होतं, ते काही व्हिडिओत टाकण्यासारखं नव्हतं. "वाक्य फार चांगलं होतं गं आई. मला वाटलं, कुणाला कळणार आहे? ब्रेक तर दिसतच नाही."

बाईंना भयंकर राग आला होता. इतका, की त्या पोरीला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण रागाच्या खाली दुसरंही होतं. जावेला पाठवताना आपण काय पाहिलं होतं? आपणही वाक्यच पाहिलं होतं. क्लिप हजार लोकांना आवडली म्हटल्यावर आपल्याला गाडी दिसेनाशी झाली, आणि आपण म्हणे तिला शिकवणाऱ्या! त्या लेकीशेजारी फरशीवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

"आता नीट ऐक," त्या म्हणाल्या. "लोक तुला शिव्या घालतायत त्या बोललीस म्हणून. ते आज ना उद्या विसरतील. दुसरं कुणीतरी सापडेल त्यांना. पण तो माणूस घरी बसून काय म्हणत असेल? की मी चढावर गाडी काढू शकत नाही. मला जमणारच नाही. आणि त्याने सगळं बरोबर केलं होतं."

"ते यायचे बंद झालेत."

"ठाऊक आहे. काल मी त्यांच्या दुकानावरून गेले. दुकान विकायचं आहे अशी पाटी लागलीय. शेजारच्याने सांगितलं, इस्पितळाजवळ काकूंच्या भावाकडे राहायला जाणार म्हणे. गाडी चालवता येत नाही, तर करणार काय? उतारवयात घर सोडायचं, दुकान सोडायचं, दुसऱ्याच्या दारात जाऊन राहायचं." बाईंनी लेकीकडे पाहिलं. "तुझ्या पायाने."

लेकीने नाक पुसलं. मग म्हणाली, "हे मी सांगितलं तर संपलंच सगळं. आत्ता लोक मला नुसती उर्मट म्हणतात. मग खोटारडी म्हणतील. आपल्याकडे शिकायला कुत्रंही फिरकणार नाही. बाबांनी उभं केलेलं सगळं..."

"जाईल कदाचित."

"झाकली मूठ आहे आई. तू आणि मी सोडून कुणाला माहीत नाही."

"नाही माहीत," बाई म्हणाल्या. त्यांना हे सोपं जात नव्हतं. टेबलाखालच्या खणात गाड्यांच्या विम्याचे कागद होते, आणि हप्ता कुठून भरायचा ते त्यांना सकाळपासून सुचत नव्हतं. "मी तुला 'जा' म्हणणार नाही. तुझा पाय, तुझं तोंड. तूच ठरव."

त्या उठून आत गेल्या आणि उगाचच स्वच्छ टेबल पुन्हा पुसत बसल्या. खरं सांगायचं तर त्यांचे कान दाराकडेच होते. पोरगी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, तर? आपण तिला काय म्हणायचं? आणि स्वतःला काय म्हणायचं?

थोड्या वेळाने लेक दारात आली. तोंड धुतलेलं, केस ओले. मोबाइल तिने टेबलावर ठेवला. "मी काकांकडे चाललेय. आधी त्यांना सांगते, मग बाकीच्यांना. तू येतेस का?"

"येते. पण बोलणार नाही."

"बोलू नकोसच."

काकांच्या घरी अर्ध्या खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती. काकू खिडकीशी बसल्या होत्या, मान थोडी वाकडी करून. समोरचं दिसत नाही म्हणून त्या माणसाकडे कडेने बघत. काकांनी दोघींना पाहिलं आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला. तरी "या" म्हणाले. माणूस तसाच होता, दारी आलेल्याला 'या'च म्हणणारा.

लेक बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली.

"काका, त्या दिवशी चढावर तुमचं काहीच चुकलं नव्हतं. माझा पाय ब्रेकवर होता. तिन्ही वेळा गाडी माझ्यामुळे बंद पडली. मी तुम्हाला हसले, आणि घरी जाऊन मला कळलं की माझीच चूक होती, तरी मी ते सगळ्यांना दाखवलं. तुम्ही क्लच अगदी बरोबर धरला होता."

बस. मी हळवी आहे, माझा हेतू, माझी झोप, यातलं काही नाही. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना आत कुठेतरी असं भरून आलं की विमानवाल्यासाठीही कधी आलं नव्हतं.

आधी बोलल्या त्या काकू.

"मी सांगत नव्हते तुम्हाला?" त्या नवऱ्याकडे वळून कडाडल्या. "सांगत होते की नाही? अहो, मला दिसत नाही, पण ती क्लिप ऐकायला कान शाबूत आहेत माझे! एवढी वर्षं गाडी चालवली मी. क्लच चुकला की गाडी फटकन मरते. ही कण्हत कण्हत गेली. कुणीतरी धरून ठेवलेल्या गाडीचा आवाज आहे हा, म्हटलं. तर म्हणे, 'तू आपली माझी समजूत काढतेस.' यांची समजूत काढत बसायला वेळ आहे का मला?"

"मला वाटलं..." काका पुटपुटले.

"तुम्हाला वाटलं! माझ्यापेक्षा त्या मोबाइलवरच्या लोकांवर जास्त विश्वास तुमचा." आणि काकूंचा आवाज एकदम फाटला. "घर आवरायला काढलंत हो."

काकांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मग लेकीकडे बघून म्हणाले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे इतका कडक होता, "तू फार वाईट केलंस पोरी. हसलीस त्याचं नाही मला एवढं. दुकानात पोरं येतात, चिडवतात, तेही जाऊ दे. पण मला स्वतःवरच भरवसा राहिला नाही. रोज सकाळी उठून मी हिच्याकडे बघायचो आणि म्हणायचो, हिच्यासाठी एवढंसुद्धा जमत नाही मला."

"हो काका," लेक म्हणाली. मान खाली घातली नाही तिने. ऐकून घेतलं. "मी हे सगळ्यांना सांगणार आहे. तुमची हरकत नसेल तर."

"हरकत कसली!" काकू मध्येच म्हणाल्या. "सांग की. मात्र रडू नकोस. आणि मागे ते गाणंबिणं लावू नकोस, मला ऐकू येत नाही मग."

लेकीने त्याच दुपारी, अंगणात गाडीसमोर उभं राहून, जे काकांना सांगितलं तेच सांगितलं. शेजारचा ब्रेक दाखवला, पाय कुठे असायला हवा होता आणि कुठे होता तेही दाखवलं, आणि शेवटी म्हणाली, की यापुढे गाडीत कॅमेरा नाही. मग काय, पुन्हा आग लागली. खोटारडी म्हणणारे निघाले, नाटक म्हणणारे निघाले, 'हिचा परवाना काढून घ्या' म्हणणारे निघाले. पुष्कळांनी शाबासकीही दिली, पण ती वाचायलाही ती बसली नाही. "चांगलं म्हणतात ते तरी वाच," बाई म्हणाल्या. "नको," ती म्हणाली, "तेच वाचून वाचून झालं ना हे." पोरगी शहाणी झाली की आईची पंचाईतच होते.

नुकसान झालं. एक गाडी विकावी लागली. खोटं कशाला सांगायचं, बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पोस्टात कुणीतरी खोचकपणे विचारलं, "तुम्ही त्या क्लचताईच्या आई ना?" आणि बाईंची मान जी ताठ झाली, ती पूर्वी कधी झाली नव्हती. "हो," त्या म्हणाल्या. "मीच." आणि रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाल्या, "माझीच लेक ती."

काका मात्र लगेच आले नाहीत. लेक रोज सकाळी गाडी पुसून तयार ठेवायची आणि फाटकाकडे बघायची. बाईंनाही भीती वाटायला लागली, की सांगायला उशीरच झाला बहुतेक.

मग एका सकाळी दोघं आले, काकूंचा हात काकांच्या हातात. काकूंनी आल्या आल्या फर्मान सोडलं. "मी मागे बसणार. मला ऐकायचंय."

बाई त्यांच्याशेजारी मागे बसल्या. लेक नेहमीच्या जागी, काका चाकामागे. अर्ध्या चढावर, जिथे रहदारी नव्हती तिथे, काकांनी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि लेकीकडे वळले.

"पाय वर घे," ते म्हणाले.

"अं?"

"पाय. सीटवर घे. मांडी घालून बस."

लेकीने मागे आईकडे पाहिलं. शिकवणाऱ्याने पाय उचलून बसणं म्हणजे अगदी नियमाच्या बाहेरचं. बाईंनी मागे वळून पाहिलं, चढ खालपर्यंत रिकामा होता. काकांचा हात हँडब्रेकवर घट्ट होता. इतकी वर्षं शिकवून त्यांनी कुणालाही दिली नव्हती ती परवानगी त्यांनी मान हलवून दिली.

लेक चपला काढून सीटवर मांडी घालून बसली. हात मांडीवर ठेवले. क्लचताई अशी शाळेतल्या पोरीसारखी बसलेली काकूंना काही दिसली नाही, पण बाईंना हसू आवरेना.

काकांनी क्लच वर घेतला. इंजिनचा आवाज बदलला, गाडीचं नाक उचललं, त्यांनी हँडब्रेक सोडला, आणि गाडी निघाली. मागे न जाता, झटका न देता, सरळ वर. माथ्यावर पोचल्यावर काकांनी गाडी थांबवली, आणि मागे वळून बायकोला म्हणाले, "ऐकलंस?"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "आता पुन्हा काढा. एकदा कुणालाही जमतं."

काका इतके खूश झाले होते, की त्यांनी घाईने क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला आणि फटकन बंद पडली.

लेकीचे पाय सीटवरच होते. काकांनी ते पाहिले. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला, आणि छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "ही चूक माझी!"

"हो काका," लेक म्हणाली. "ही तुमचीच."

आणि काकांनी किल्ली फिरवली.